शेवटचे दहा टक्के

‘फायनलचं बघू नंतर.’

कंत्राटाच्या धंद्यात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. यातलं ‘बघू’ मोठं मजेशीर आहे. ॲडव्हान्स देताना कुणी ‘बघू’ म्हणत नाही, कारण तेव्हा काम सुरू व्हायचं असतं आणि घाई मालकाला असते. मधल्या बिलांच्या वेळीही म्हणत नाहीत, कारण बिल अडवलं तर दुसऱ्या दिवशी साईटवर माणसं येणार नाहीत. ‘बघू’ येतं ते सगळं संपल्यावर. दारं बसलेली असतात, लाईट लागलेले असतात, वास्तुशांत झालेली असते, आणि फक्त पैसे द्यायचे राहिलेले असतात. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली त्याचं स्वतःचं फायनल बिल कुठेतरी अडकलेलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. महिनाअखेरीला पगार खात्यात पडतो, त्यामुळे हा प्रश्न माझा नाही असं म्हणता आलं असतं. पण माझ्या ओळखीतले निम्मे लोक कुणाचे तरी सबकॉन्ट्रॅक्टर आहेत. कुणी चाकणच्या कंपनीला जॉबवर्क करून देतो, कुणी बिल्डरकडे फॉल्स सीलिंगचं काम घेतो, कुणी एजन्सीसाठी ॲप बनवतो. या सगळ्यांच्या गप्पा फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. त्या ऐकताना मला कायद्याच्या आधी एक नैतिक कोडं दिसतं. शेवटचा हप्ता अडवून ठेवणारा माणूस नेमकं काय चुकीचं करतो? चोरी? वचनभंग? की हा फक्त व्यवहार आहे, आणि आपण उगाच भावुक होतोय?

आधी थोडं गणित करू. समजा १० लाखांचं काम आहे. माल ६ लाखांचा, मजुरी अडीच लाख, टेम्पो आणि किरकोळ खर्च ५० हजार. उरलेला १ लाख कंत्राटदाराचा. आता पैसे कोणत्या क्रमाने हलतात ते बघा. पहिले ९ लाख त्याच्या हातात येतात आणि त्याच आठवड्यात प्लायवूडवाल्याकडे, कारागिरांकडे, टेम्पोवाल्याकडे निघून जातात. सगळ्यात शेवटी येतो तो १ लाख, म्हणजे त्याचं घरभाडं, मुलीची फी, बाईकचा हप्ता. मालकाच्या एक्सेलमध्ये ही रक्कम १० टक्के दिसते. तेवढी गेली तर कंत्राटदाराच्या बाजूने १०० टक्के गेली. त्याने दोन-तीन महिने फुकट काम केलं. ‘अरे, नव्वद टक्के तर दिलेत ना तुला’ हे वाक्य ज्याला प्रामाणिकपणे योग्य वाटतं, त्याने हे गणित कधी मांडून बघितलेलं नसतं.

काही मालक सही करतानाच ठरवून बसलेले असतात की शेवटचं द्यायचं नाही. त्यांच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. इमॅन्युएल कांटने १७८५ साली नीतिशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं: परत करता येणार नाहीत हे माहीत असताना ‘परत करतो’ म्हणून पैसे उसने घेणारा माणूस. सगळेच असं करू लागले तर ‘देतो’ या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि मग खोटं ‘देतो’ म्हणण्याचाही उपयोग उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. हा प्रश्न सुटलेला आहे. तो लबाड आहे, पुढे चला.

अवघड आहे तो दुसरा मालक. चांगला माणूस. त्याला खरंच वाटतं की काम नीट झालेलं नाही.

या दुसऱ्या मालकाच्या बाजूने बोलायला तत्त्वज्ञानात एक फार मोठा वकील आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ची सुरुवातच देण्याघेण्यापासून होते. केफालस नावाचा म्हातारा, श्रीमंत गृहस्थ म्हणतो की पैशाचा मोठा फायदा म्हणजे देवाचं किंवा माणसाचं देणं डोक्यावर ठेवून मरावं लागत नाही. म्हणजे न्याय काय, तर खरं बोलणं आणि ज्याचं त्याला देऊन टाकणं. सॉक्रेटिस लगेच पकडतो: समजा मित्राने शहाणा असताना तुझ्याकडे शस्त्र ठेवायला दिलं आणि वेड लागल्यावर परत मागितलं, तर देशील? नाही ना? मग ‘ज्याचं त्याला देणं’ ही न्यायाची व्याख्या झाली नाही. दुसऱ्याचं अडवून धरणं कधी कधी योग्यच असतं.

बरोबर. पण सॉक्रेटिसच्या उदाहरणातली एक गोष्ट सहज निसटते. शस्त्र अडवून ठेवणाऱ्या मित्राला त्यातून काहीही मिळत नाही. तो ते विकत नाही, भाड्याने देत नाही, त्यावर व्याज खात नाही. उलट वेड्या मित्राचा राग ओढवून घेतो. शेवटचा हप्ता अडवणाऱ्याचं तसं नसतं. त्याने धरून ठेवलेले पैसे त्याच्याच करंट अकाउंटला असतात, त्याच्या धंद्यात फिरत असतात. जेवढा उशीर, तेवढा फायदा. म्हणून ‘मी फक्त थांबवून ठेवलेत’ हे म्हणणं मला पटत नाही. थांबवून ठेवणं तेव्हा म्हणू, जेव्हा ते पैसे तिसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतील. स्वतःच्या खिशात असलेल्या दुसऱ्याच्या पैशाला आपल्याकडे साधा शब्द आहे: उसने. आणि हे उसने न विचारता घेतलेले.

माझा एक मावसभाऊ ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं काम करतो. मी त्याला दादा म्हणतो. एका ऑफिसचं काम त्याने घेतलं होतं, ४ लाख २० हजारांचं. काम वेळेत झालं, ६२ हजार राहिले. पहिल्या पावसात दोन खिडक्यांतून पाणी आत आलं. मालकांचं म्हणणं, तुझ्या खिडक्या गळतात. दादाने दोनदा जाऊन सिलिकॉन भरलं, पाणी निघायची भोकं मोकळी केली. तरी पाणी आलंच. तिसऱ्यांदा त्याने लेव्हल लावून बघितलं, तर खिडकीखालच्या कट्ट्याचा उतार बाहेरच्या ऐवजी आतल्या बाजूला होता. गवंड्याचं काम. ते मालकांनी दुसऱ्याकडून करून घेतलं होतं.

‘साहेब, हे प्लास्टरचं आहे, माझं नाही.’

‘ते मला नको सांगू. खिडकीतून पाणी येतं की नाही? आधी ते थांबव, मग बोलू.’

आता गंमत अशी, की हे साहेब वाईट गृहस्थ नव्हेत. प्रत्येक वेळी चहा पाजायचे. दादाच्या मुलीच्या बारशाला पाकीट घेऊन आले होते. त्यांना मनापासून वाटत होतं की पाणी खिडकीतून येतंय म्हणजे दोष खिडकीवाल्याचा. आठ महिन्यांनी ते म्हणाले, ‘चाळीस घे आणि विषय संपव.’ दादाने घेतले. त्या दोन खिडक्यांची मिळून किंमत ३८ हजार होती. म्हणजे दोन्ही खिडक्या भंगार निघाल्या असं धरलं, तरी २४ हजारांवर कुणाचाच आक्षेप नव्हता. तेही आठ महिने अडकून पडले होते. का, याचं उत्तर साहेबांनाही देता आलं नसतं. सगळंच थांबवायचं, अशी पद्धत असते म्हणून.

इथे मला उत्तराचं टोक सापडतं. तक्रार करण्यात साहेबांचं काहीच चुकलं नाही. दुरुस्तीचा खर्च राखून ठेवण्यातही नाही. पण या भांडणात तीन वेगवेगळे प्रश्न होते. दोष आहे का? असला तर कुणाचा? आणि त्याची किंमत किती? तिन्हींची उत्तरं एकाच माणसाने दिली, आणि निकालाची अंमलबजावणीही त्यानेच केली. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये हे तत्त्व शाळेतल्या क्रिकेटमध्येसुद्धा पाळतात. बॅटिंग करणारा स्वतःला नॉटआऊट देत नाही, निदान आमच्या गल्लीत तरी देऊ देत नव्हते. शेवटच्या हप्त्याच्या वेळी मात्र पैसे देणारा माणूस आपोआप न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. ती खुर्ची त्याने मागितलेली नसते. पैसे त्याच्याकडे असतात म्हणून ती त्याच्याखाली येते. आणि वाईट मनाच्या माणसापेक्षा चांगल्या मनाचा माणूस तिच्यात जास्त निर्धास्त बसतो, कारण आपण अन्याय करू शकतो हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

पण हे शेवटच्या हप्त्यालाच का होतं? याचं उत्तर मला भारतीय करार कायद्यातल्या एका उदाहरणात मिळालं. १८७२ चा हा कायदा कलमांखाली छोट्या छोट्या गोष्टी सांगतो, आणि त्या वाचायला अनपेक्षितपणे मजा येते. कलम १७० खाली एक जवाहिऱ्या आहे. त्याला कुणीतरी कच्चा हिरा पैलू पाडून चकाकी द्यायला दिलाय. कायदा म्हणतो, काम झाल्यावर मजुरी मिळेपर्यंत त्याला हिरा ठेवून घ्यायचा हक्क आहे. मालकाकडे पैसे, जवाहिऱ्याकडे हिरा. दोघांनाही घाई, दोघेही समान अडलेले. असा व्यवहार लवकर मिटतो.

आता प्लंबरचा विचार करा. त्याचा पाईप भिंतीत गेला, वर प्लास्टर झालं, टाईल्स लागल्या. गवंड्याच्या विटा, इलेक्ट्रिशियनची वायर, दादाच्या खिडक्या, सगळं मालकाच्या वास्तूचा भाग होऊन गेलं. ठेवून घ्यायला हातात काही नाही. काम जितकं चांगलं, तितकं ते वास्तूत पुरतं मिसळतं आणि करणारा तितकाच निःशस्त्र होतो. फायनल बिलाची सगळी गंमत, म्हणजे सगळी क्रूरता, या भौतिक गोष्टीत आहे.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मधल्या जागेत आहोत. कोड म्हटलं तर हिऱ्यासारखा हातात राहतो, सोर्स दिला की पाईपसारखा भिंतीत जातो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एका क्लासवाल्यांची वेबसाईट केली होती. २० हजार ठरले, १४ मिळाले, आणि पासवर्ड हातात पडल्यावर सरांनी फोन उचलणं बंद केलं. तेव्हा एका मित्राचा सल्ला होता: पुढच्या वेळी आत एक टायमर ठेव, पैसे आले नाहीत तर साईट आपोआप बंद. फ्रीलान्सरांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो आणि ऐकायला गोड लागतो. मला तो तेव्हाही पटला नव्हता. पैसे मिळेपर्यंत सोर्स देणार नाही, असं आधी सांगून ठेवून घेणं हा जवाहिऱ्याचा मार्ग झाला. गुपचूप टायमर पेरणं म्हणजे आपणही त्याच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणं, तेही लपून. शिवाय दुसऱ्याच्या सिस्टीमला परवानगीशिवाय नुकसान करणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही, ते वेगळंच.

दादाकडे परत येतो, कारण एक गोष्ट राहिली. ते ४० हजार घेताना साहेबांनी एका कागदावर सही घेतली होती: ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, काहीही येणे बाकी नाही.’ मग प्रश्न मिटला ना? दोन प्रौढ माणसं, दोघांची संमती, खाली सही. आता रडायचं कशाला?

कायद्याचं पहिलं उत्तर साहेबांच्या बाजूने आहे. त्याच करार कायद्याच्या कलम ६३ खाली एक गोष्ट आहे: एकाचं दुसऱ्याला ५,००० रुपये देणं आहे, तो २,००० देतो, दुसरा ते सगळ्या देण्याच्या बदल्यात स्वीकारतो, सगळं देणं फिटलं. हा कायदा केला इंग्रजी राजवटीने, पण खुद्द इंग्लंडमधला नियम उलटा होता. तिथे कमी रक्कम घेऊन ‘फिटलं’ म्हटलं तरी उरलेलं देणं उरतंच. १९६५ साली तिथल्या अपील न्यायालयापुढे एक खटला आला, डी अँड सी बिल्डर्स विरुद्ध रीस. कंपनीचं नाव भारदस्त, पण ती मुळात दोन माणसांची, एक सजावटीचं काम करणारा आणि एक प्लंबर. रीस यांच्या दुकानाचं काम केलं, ४८२ पौंड राहिले. महिनोनमहिने तगादा लावला. कंपनी बुडायला आली होती आणि ते समोरच्यांना माहीत होतं. शेवटी रीस यांच्या पत्नीने निरोप दिला: ३०० घ्या, नाहीतर काही नाही. त्यांनी चेक घेतला आणि ‘हिशेब पूर्ण’ अशी पावती लिहून दिली. मग उरलेल्या पैशासाठी कोर्टात गेले आणि जिंकले. लॉर्ड डेनिंग यांचं म्हणणं असं होतं की समोरच्याच्या अडचणीचा फायदा घेऊन मिळवलेला होकार हा खरा समझोता नव्हे.

आपल्याकडे नियम वेगळा असला तरी हा मुद्दा आलाच. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या निकालात म्हटलं की ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही आहे एवढ्याने वाद संपला असं नाही. ती सही दबावाखाली घेतली असं म्हणणं असेल तर ते तपासावं लागेल. तिथे अडलेला पक्ष एक कापड कंपनी होती आणि समोर विमा कंपनी. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार फक्त खिडकीवाल्याच्या वाट्याला येतो असं नाही.

तरी यात एक खरी अडचण आहे आणि ती टाळू नये. प्रत्येक तडजोड नंतर ‘मी अडचणीत होतो’ म्हणून उकरता आली, तर तडजोड करणारच कोण? कोणत्याही करारात एकाची गरज जास्त असते. मी नोकरी स्वीकारली तेव्हा माझीही होती. मग गरज आणि दबाव यांच्यात रेघ कुठे ओढायची?

मला वाटतं, साधा प्रश्न विचारावा: सूट घेणाऱ्याने बदल्यात स्वतःचं काय दिलं? रकमेबद्दल खरोखर शंका असेल, तर तडजोडीत दोघंही काहीतरी सोडतात. कदाचित ५० निघाले असते, कदाचित ३०, आपण ४० वर थांबू आणि दोघं शांत झोपू. इथे सही म्हणजे संमती. पण ज्या रकमेबद्दल वादच नाही, तीसुद्धा अडवून धरून ‘यातलं एवढं सोड, मग उरलेलं देतो’ म्हटलं, तर देणारा स्वतःचं काहीच देत नाही. तो समोरच्याचेच पैसे समोरच्याला देतो आणि वर त्याचं कमिशन कापतो. दादाच्या हिशेबातले ते बिनवादाचे २४ हजार आठव्या महिन्यात ‘मेहेरबानी’ म्हणून आले, तेव्हा हेच झालं. अशा कागदावरची सही कोर्टात टिको न टिको, ती संमती आहे असं मानून स्वतःचं समाधान करून घेणं मला जमणार नाही.

आता सगळ्यात अवघड मालक. याला कामाबद्दल काहीच तक्रार नाही. तो म्हणतो, ‘वरून पैसे आले नाहीत.’ आणि ते खरं असतं. तो स्वतः मुख्य कंत्राटदार आहे, त्याचं बिल सरकारकडे किंवा बिल्डरकडे अडकलंय. घर गहाण ठेवून त्याने खालच्यांना द्यावं का?

हा प्रश्न महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत फार जवळ आलाय. २०२५ मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकलेल्या सरकारी बिलांसाठी आंदोलन करत होते. जलजीवन मिशनची कामं त्यात होती. त्यांच्या खालचे उपकंत्राटदार तर आणखी विचित्र जागी असतात. सरकारच्या कागदावर त्यांचं नाव नसतं. टाकी बांधली त्याने, चर खणले त्याने, पण बिलाच्या रजिस्टरमध्ये तो अस्तित्वातच नाही. तो सरकारकडे गेला तर उत्तर येतं, ‘तुमचा आमचा करार नाही.’ वरच्याकडे गेला तर, ‘सरकारकडून आले की देतो.’

‘वरून आले नाहीत’ म्हणणाऱ्याविषयी मला सहानुभूती आहे, पण त्याचा युक्तिवाद पुरता मान्य नाही. वरचा मालक कुणी निवडला? त्याने. त्याची पत, त्याचा इतिहास बघायची संधी कुणाला होती? त्याला. मधलं मार्जिन कशाबद्दल घेतलं? बऱ्याच अंशी याच जोखमीबद्दल. नफा झाला तर माझा, बुडालं तर तुझंही, असा करार शुद्धीतल्या कुणी केला नसता. ब्रिटनने १९९६ च्या कायद्यात बांधकामाच्या करारांमधली ‘मला मिळाले तर तुला’ ही अटच निरुपयोगी ठरवली, वरचा दिवाळखोरीत गेल्याचा अपवाद सोडून. हा अपवाद किती मोठा असू शकतो ते जानेवारी २०१८ मध्ये दिसलं. कॅरिलियन ही बांधकामातली बलाढ्य कंपनी कोसळली आणि कामात दोष निघाला तर म्हणून तिने खालच्यांचे राखून ठेवलेले पैसे तिच्याबरोबर बुडाले. दोष कुणी शोधलेच नाहीत, पण पैसे गेले. ते तिसऱ्या कुणाच्या हातात असते तर वाचले असते.

तरी मधल्या माणसाला एक गोष्ट नक्की करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत: खरं सांगणं. वरून किती आले, किती अडकले, हा कागद खालच्याला दाखवणं. आलेल्या पैशातून आधी खालच्यांचं भागवणं, मग स्वतःचं मार्जिन काढणं. बहुतेकांचा क्रम उलटा असतो.

आपल्याकडे या सगळ्यावर कायदाच नाही असं समजू नका. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे आणि त्याने ती न्यायाधीशाची खुर्ची काढून घ्यायचा प्रयत्न केलाय. नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचं काम मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम मान्य आहे असं धरलं जातं. म्हणजे आठव्या महिन्यात ‘तसं मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं’ चालणार नाही. करारात काहीही लिहिलं तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला, तर ४ लाखांवर वर्षाला सुमारे ७८ हजार. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात कलम ४३बी(एच) आणलं: छोट्या पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी वजा मिळेल. सरकारने माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचा नाद सोडून थेट टॅक्स रिटर्नचा नाद धरला, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण हे लागू झालं तेव्हा छोट्या उद्योजकांमध्येच धास्ती पसरली की मोठे ग्राहक आता नोंदणी नसलेल्याकडे जातील.

ती धास्ती खोटी नव्हती, कारण कायदा वापरायला लागतो आणि वापरायचा कुणी, तर ज्याला पुढची ऑर्डर हवी आहे त्याने. परिषदेकडे अर्ज करता येतो, ऑनलाईन पोर्टल आहे. माल-मजुरी एकत्र असलेल्या ठेक्यांना हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत मतभेद आहेत, पण बाकीच्यांनीही अर्ज न करण्याचं कारण वेगळंच असतं. अर्ज केला की नातं संपलं. शिवाय त्या एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तिथे शहाणपण म्हणून सांगतात. मला ते हरल्याची कबुली वाटते. दरम्यान घड्याळ चालूच असतं. केलेल्या कामाच्या पैशासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. आपण पाठवलेल्या शंभर ‘साहेब, आठवण करतोय’ मेसेजनी ती वाढत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत, सहीनिशी ‘देणं आहे’ असं लिहून दिलं तर वाढते. म्हणून अनुभवी मालक लिहीत नाहीत, फोन करतात.

जुन्या गावगाड्यात हे असं नव्हतं, असं कुणीतरी म्हणेलच. सुतार-लोहाराचं बलुतं सुगीला खळ्यावर मिळायचं, फायनल बिल नावाची गोष्टच नव्हती, नातं पिढ्यानपिढ्यांचं. खरंय. पण रास कुणाच्या हाताने मोजली जायची, आणि कमी पडलं म्हणून गाव सोडून जायची सोय कुणाला होती, हेही विचारावं. ती खुर्ची तिथेही होती, फक्त ती जातीने मिळत होती.

दादाने यावर स्वतःचा मार्ग काढलाय. कोटेशन देताना तो आता मनातल्या मनात आठ टक्के वाढवतो. शेवटचं कोण बुडवेल ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच लावतो. मागच्या महिन्यात त्याने माझ्या एका मित्राच्या फ्लॅटचं काम केलं. मित्राने खिडक्या बसल्या त्याच संध्याकाळी, एकही रुपया न कापता, सगळे पैसे जीपेवर पाठवले. काम सुरू व्हायच्या आधी मात्र त्याने एकदा विचारलं होतं, ‘दादा, तुमचा रेट बाकीच्यांपेक्षा जास्त का?’

‘मटेरियल महागलंय ना साहेब,’ दादा म्हणाला.